फोम, पुठ्ठा आणि बरणीची झाकणं: घरच्या सामानातून एक मीटर लांबीचा रणगाडा कसा तयार होतो?

शहराच्या एखाद्या चौकात, सैनिकी शाळेच्या फाटकाशी किंवा युद्धस्मारकासमोर चौथऱ्यावर ठेवलेला रणगाडा तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. लहान मुलं त्याच्या चाकांना हात लावून बघतात, मोठी माणसं फोटो काढतात आणि सगळे पुढे निघतात. काहींच्या डोक्यात मात्र घरी जाताना एकच विचार घोळत असतो, हा आपल्याला बनवता येईल का?

येतो. तोही एक मीटर लांबीचा. त्यासाठी महागडा किट लागत नाही, थ्रीडी प्रिंटरही लागत नाही. टीव्हीच्या खोक्यातला पुठ्ठा, फोमच्या शीट, लाइट फिटिंगचा पाइप, बरण्यांची झाकणं, फेविकॉल आणि भरपूर धीर एवढं पुरतं. पण शाळेच्या प्रोजेक्टसाठी आदल्या रात्री बनवलेले बरेच रणगाडे सकाळपर्यंत वाकतात, त्यांची तोफ खाली मान घालते किंवा स्प्रे मारताच फोम डोळ्यांदेखत विरघळतो. असं का होतं? आणि ते टाळायचं कसं?

स्क्रॅच-बिल्ड म्हणजे नेमकं काय?

मॉडेल बनवायचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एकात दुकानातून किट आणायचा, त्यातले तयार भाग कापून चिकटवायचे आणि रंगवायचे. दुसऱ्यात एकही तयार भाग नसतो. मापं आपण काढायची, भाग आपण कापायचे. या दुसऱ्या मार्गाला स्क्रॅच-बिल्ड म्हणतात.

किटमधले रणगाडे बहुतेक वेळा १:३५ किंवा १:७२ या प्रमाणात येतात. १:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. या प्रमाणात दहा मीटरचा रणगाडा जेमतेम २८-२९ सेंटिमीटरचा होतो. त्याहून मोठा किट घ्यायचा तर किंमत झपाट्याने वाढते. स्क्रॅच-बिल्डमध्ये मात्र मॉडेल जितकं मोठं, तितकं एका अर्थाने काम सोपं. छोट्या मॉडेलमध्ये एक मिलिमीटरची चूक लगेच दिसते, मोठ्यात ती खपून जाते.

पहिला रणगाडा कोणता निवडायचा?

इथेच अनेकांची पहिली चूक होते. आवडता रणगाडा निवडला जातो, सोपा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मनचा किंवा सोव्हिएत टी-५५चा वरचा फिरणारा भाग, म्हणजे टरेट, ओतीव पोलादाचा असतो. तो गोलाकार असल्यामुळे फोममधून घासून घासून काढावा लागतो. दोन्ही बाजू सारख्या येणं नवशिक्यासाठी अवघड जातं.

त्यापेक्षा सपाट पत्रे जोडून बनवलेला रणगाडा बरा. आपल्याकडे त्याचं उत्तम उदाहरण आहे, ते म्हणजे विजयंता. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावर आधारलेला हा रणगाडा चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात तयार झाला. देशात बनलेला हा पहिला रणगाडा. १९७१च्या युद्धात तो वापरला गेला आणि पुढे अनेक वर्षं लष्कराच्या सेवेत राहिला.

मॉडेल बनवणाऱ्यासाठी विजयंताचे दोन मोठे फायदे आहेत. एक, त्याचं धड आणि टरेट दोन्ही सपाट पोलादी पत्रे वेल्डिंग करून जोडलेले आहेत. म्हणजे पुठ्ठ्यातून किंवा सनबोर्डमधून सरळ रेषेत कापता येतील असे भाग. दोन, सेवेतून निवृत्त झालेले विजयंता देशभर अनेक शहरांत स्मारक म्हणून उभे आहेत. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्येही तो पाहायला मिळतो. इंटरनेटवरच्या फोटोंवर विसंबण्यापेक्षा समोर उभं राहून निरीक्षण करणं केव्हाही चांगलं.

सगळं गणित मापात आहे

विजयंताची तोफेसह लांबी सुमारे ९.८ मीटर, रुंदी सुमारे ३.२ मीटर आणि उंची सुमारे २.७ मीटर. १:१० प्रमाण धरलं तर हिशेब तोंडी होतो. लांबी ९८ सेंटिमीटर, रुंदी ३२ आणि उंची २७. टेबलावर मावेल आणि बघणाऱ्याने ‘अरे बापरे’ म्हणावं, असा हा आकार.

हेच १:६ केलं तर लांबी जाते १६३ सेंटिमीटरवर आणि रुंदी ५३ वर. मग मॉडेल ठेवायचं कुठे आणि शाळेत न्यायचं कसं, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. प्रमाण ठरवण्यापूर्वी घराचं दार आणि रिक्षाची मागची सीट मोजून घ्यावी, असं म्हणतात ते गमतीने नाही.

लांबी-रुंदी मिळाली, पण चाकाचा व्यास, टरेटची उंची, दोन चाकांमधलं अंतर ही मापं कुठून आणायची? त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. रणगाड्याचा बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्या आणि प्रिंट करा. समजा, प्रिंटवर तोफेसह लांबी २४.५ सेंटिमीटर भरली. खरी लांबी ९८० सेंटिमीटर. म्हणजे प्रिंटवरचा १ सेंटिमीटर बरोबर प्रत्यक्षातले ४० सेंटिमीटर. आता प्रिंटवर एखादा भाग २ सेंटिमीटर भरला, तर तो प्रत्यक्षात ८० सेंटिमीटर आणि १:१० मॉडेलमध्ये ८ सेंटिमीटर. बाकी सगळी मापं अशीच निघतात.

फक्त फोटो जवळून काढलेला नसावा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि टोकं लहान दिसतात. लांब उभं राहून झूम करून काढलेला फोटो मापासाठी जास्त भरवशाचा.

मापं बरोबर आहेत का, हे तपासायला माणूस वापरायचा. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:१० मध्ये १७ सेंटिमीटरचा होतो. पुठ्ठ्याचा तेवढा माणूस कापून मॉडेलशेजारी उभा करा. तो टरेटवरच्या झाकणातून आत शिरू शकेल असं वाटत नसेल, तर कुठेतरी गडबड आहे.

फोम सगळे सारखे नसतात

बोलताना आपण सगळ्यालाच फोम म्हणतो, पण दुकानात मिळणाऱ्या फोमचे प्रकार वेगळे आणि त्यांचे स्वभावही वेगळे.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते. म्हणूनच ते हलकं असतं आणि सहज कापलं जातं. पण ॲसिटोन, थिनर किंवा टोल्यूइन असलेल्या कोणत्याही पदार्थाने ते विरघळतं. स्प्रे पेंटच्या डब्यात हीच द्रावणं असतात. झटपट चिकटणारे गोंद आणि चप्पल-बुटांना वापरतात तो पिवळा रबरी गोंदही त्याला खातो. ग्लू गनचा गरम गोंद खड्डा पाडतो. रात्रीत ‘गायब’ होणाऱ्या रणगाड्यांचं कारण बहुतेक वेळा हेच.

ईव्हीए फोम म्हणजे रबरी स्लिपरच्या तळव्यासारखा, स्टेशनरीच्या दुकानात रंगीत शीटच्या रूपात मिळणारा लवचीक फोम. मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरतात त्या जोडायच्या चटयाही याच्याच. तो वाकतो आणि तुटत नाही. पिवळा रबरी गोंद याच्यासाठी उत्तम. दोन्ही बाजूंना लावून थोडं सुकू द्यायचं आणि मग दाबायचं.

सनबोर्ड म्हणजे जाहिरातींचे फलक बनवतात तो कडक बोर्ड. धार सरळ येते आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो. जवळच्या फ्लेक्स प्रिंटिंगवाल्याकडे त्याचे उरलेले तुकडे बऱ्याचदा पडून असतात.

या सगळ्यांच्या जोडीला पन्हाळीचा पुठ्ठा, म्हणजे ऑनलाइन सामान येतं ती खोकी. सांगाड्यासाठी याच्याइतकी स्वस्त आणि मजबूत वस्तू नाही.

इथे एक गोष्ट जपायला हवी. थर्माकोल गरम तारेने कापताना जो धूर निघतो त्यात स्टायरिन असतं, आणि तो बंद खोलीत श्वासातून आत जाणं चांगलं नाही. खिडक्या उघड्या, पंखा धूर बाहेर नेईल असा आणि मोठं माणूस शेजारी, या तीन अटी पाळाव्यात. सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा असतो. तो गरम तारेने कधीच कापू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू बाहेर पडतो. त्यासाठी साधा कटर आणि स्टीलची पट्टी बरी. एका दमात जोर लावण्यापेक्षा तीन-चार वेळा हलक्या हाताने ओढावं. फोममुळे पातं लवकर बोथट होतं आणि बोथट पातं कापत नाही, फाडतं. टोक मोडून नवीन धार काढत राहावं.

आधी सांगाडा, मग कातडी

१:१० मॉडेलचं आकारमान खऱ्याच्या एक हजारावा भाग होतं. सुमारे ३९ टनांचा विजयंता त्याच पोलादातून या आकारात बनवला असता, तर मॉडेल ३९ किलोंचं झालं असतं. फोम-पुठ्ठ्याचं तेच मॉडेल दोन-तीन किलोंत बसतं. वजन इतकं कमी असूनही ते वाकतं, कारण जवळपास पाऊण मीटर लांबीचा पोकळ डबा मधोमध आधाराशिवाय उभा असतो.

उपाय जहाज बांधणाऱ्यांचा आहे. धडाच्या आत दर दहा-बारा सेंटिमीटरवर पुठ्ठ्याची आडवी भिंत घालायची. प्रत्येक भिंतीचा आकार त्या जागी रणगाडा आडवा कापला तर दिसेल तसा. दोन लांब पट्ट्या उभ्या बसवून या भिंती त्यांच्या खाचांमध्ये अडकवायच्या. हा सांगाडा तयार झाला की त्यावर सनबोर्डचे किंवा फोमचे पत्रे कातडीसारखे चढवायचे. पुठ्ठा कापताना त्यातल्या पन्हाळीची दिशा उभी ठेवली तर तो भार पेलतो, आडवी ठेवली तर दबतो.

फेविकॉल थर्माकोलला सुरक्षित आहे, पण दोन मोठ्या पृष्ठभागांमध्ये अडकला की त्यातलं पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही आणि मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो. म्हणून तो पातळ लावावा आणि जोड टूथपिक किंवा उदबत्तीच्या काड्या खुपसून धरून ठेवावा. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा असेल तर चिकटवण्याचं काम रविवारी रात्री सुरू करून चालत नाही, ते याचमुळे.

चाकं आणि ट्रॅक: ओळख इथे पटते

विजयंताला प्रत्येक बाजूला सहा मोठी चाकं. म्हणजे एकूण बारा, आणि सगळी हुबेहूब सारखी हवीत. कंपासने वर्तुळं काढून कापली तर बारातली चार तरी वेडीवाकडी येतात. त्याऐवजी एकाच मापाची झाकणं जमवावीत. लोणच्याच्या, मुरंब्याच्या किंवा प्रोटीन पावडरच्या बरण्यांची झाकणं उपयोगी पडतात. चाळीत किंवा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला की आठवड्याभरात बारा जमतात. ट्रॅकला वरून आधार देणाऱ्या छोट्या चाकांसाठी पाण्याच्या बाटलीची बुचं पुरतात.

चाकांची संख्या आणि त्यांमधलं अंतर यावरून जाणकार रणगाडा ओळखतात. टी-५५ला पाच चाकं आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात ठळक मोकळी जागा. विजयंताला सहा. इथे चूक झाली तर बाकी कितीही कष्ट घेतले तरी मॉडेल ‘कुठलातरी रणगाडा’ दिसतं.

ट्रॅकसाठी सर्वांत स्वस्त युक्ती खोक्यातच दडलेली आहे. पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढला की आतल्या लाटा उघड्या पडतात. त्या लाटांची पट्टी चाकांभोवती गुंडाळली की लांबून ट्रॅकचा भास होतो. जास्त बारकावा हवा असेल तर ईव्हीए फोमच्या पट्टीवर आइस्क्रीमच्या काड्यांचे तुकडे एकसारख्या अंतरावर चिकटवायचे. खरा ट्रॅक जड पोलादाचा असतो, त्यामुळे वरच्या बाजूला आधाराच्या दोन चाकांमध्ये तो किंचित लोंबतो. मॉडेलमध्येही तेवढी ढील ठेवली की अचानक त्याला वजन आल्यासारखं वाटतं.

मान न टाकणारी तोफ

विजयंताची तोफ १०५ मिलिमीटरची. हे नळीच्या आतल्या पोकळीचं माप. नळीची लांबी या मापाच्या सुमारे ५२ पट, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर. १:१० मध्ये ती ५५ सेंटिमीटर होते आणि तिचा काही भाग टरेटच्या आत जातो. लाइट फिटिंगचा २० मिलिमीटरचा पाइप यासाठी छान बसतो.

नळीच्या मधल्या भागात एक फुगीर नळकांडं दिसतं. ती सजावट नव्हे. गोळा सुटल्यावर नळीत उरलेला धूर आणि वायू पुढच्या तोंडातून बाहेर ओढले जावेत, आतल्या सैनिकांच्या अंगावर येऊ नयेत, यासाठी ते असतं. मॉडेलमध्ये पाइपवर कागदाची पट्टी फेविकॉल लावून गुंडाळत गेलं की तो फुगवटा तयार होतो.

पुढे एवढा लांब पाइप आला की हलकं टरेट पुढे कलंडतं. म्हणून तोफ टरेटच्या मागच्या भिंतीपर्यंत आत न्यावी आणि मागच्या कप्प्यात वाळूची पिशवी किंवा जुने नट-बोल्ट चिकटवावेत. टरेट फिरतं हवं असेल तर त्याच्या तळाला जाड पाइपचा छोटा तुकडा बसवून तो धडावरच्या भोकात सोडायचा.

पुढचे बारकावे घरात फिरून जमवायचे. धुराचे गोळे सोडणाऱ्या नळ्यांसाठी स्केचपेनची टोपणं, दिव्यांसाठी औषधाच्या बाटलीची बुचं, अँटेनासाठी झाडूची काडी. विजयंता वेल्डिंगचा असल्यामुळे त्यावर रिव्हेटच्या रांगा नकोत. जोडाच्या ठिकाणी फेविकॉलची बारीक रेघ सोडली की वाळल्यावर ती वेल्डिंगसारखी दिसते.

रंगाआधी चिलखत

थर्माकोल किंवा पुठ्ठा थेट रंगवला तर दाणे आणि पन्हाळ्या दिसतात. त्याआधी फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून टिश्यू पेपरचे दोन थर चढवावेत. वाळले की भिंतीला लावतात ती लांबी पातळ थरात फिरवून बारीक पॉलिश पेपरने घासावी. हे कवच मॉडेलला कडकपणा देतं आणि फोमला रंगातल्या द्रावणापासून वाचवतं. तरीही एखादं छिद्र राहिलं तर स्प्रे आत शिरतोच. त्यामुळे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग ब्रशने लावणं सर्वांत सुरक्षित.

आधी सगळीकडे काळा, मग त्यावर लष्करी हिरवा. कोपऱ्यांत आणि खाचांत थोडा काळा राहू द्यावा, सावली आपोआप तयार होते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट हिरवा कडांवरून फिरवावा. चाकांना आणि ट्रॅकला पातळ तपकिरी रंग, त्यावर चाळलेली माती. नवाकोरा चकचकीत रणगाडा खेळणं वाटतो. मळलेला खरा वाटतो.

खोट्या रणगाड्यांनी खरी युद्धं लढली

घरच्या सामानाचा रणगाडा ही फक्त मुलांची हौस नाही. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईआधी ब्रिटिशांनी खऱ्या रणगाड्यांवर कॅनव्हासची खोळ चढवून त्यांना ट्रक बनवलं आणि दुसरीकडे खोटे रणगाडे उभे केले. हल्ला कुठून होणार, याबद्दल जर्मनांची दिशाभूल करणं हा हेतू होता. या लढाईत भारतीय सैनिकही होते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या ‘घोस्ट आर्मी’ने हवा भरलेले रबरी रणगाडे वापरले. सुमारे ११०० जणांच्या या तुकडीचं काम अनेक दशकं गुप्त होतं. विमानातून पाहणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून ते बुलडोझर फिरवून जमिनीवर ट्रॅकच्या खुणाही उमटवत. युक्रेनच्या युद्धातही लाकडी आणि हवेचे नकली रणगाडे दिसले आहेत.

यातला धडा मॉडेल बनवणाऱ्यालाही लागू पडतो. डोळा आधी बाह्याकृती बघतो, मग सावली, मग खुणा. बोल्ट मोजायला तो सर्वांत शेवटी येतो. वेळ कमी असेल तर तो प्रमाणावर आणि चाकांवर घालवावा, बारकाव्यांवर नाही.

थर्माकोल वापरायचं की नाही?

महाराष्ट्रात मार्च २०१८च्या अधिसूचनेने एकदाच वापरून फेकायच्या थर्माकोलच्या वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्या वर्षी गणेशोत्सवापुरती सवलत मिळावी ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. कारण साधं आहे. थर्माकोल कुजत नाही. त्याचे दाणे सुटतात, नाल्यात आणि पुढे समुद्रात जातात. जाळलं तर काजळी आणि विषारी धूर.

त्यामुळे मॉडेलसाठी नवीन थर्माकोल विकत आणण्याचा विचारच सोडून द्यावा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातून आलेलं, नाहीतरी कचऱ्यात जाणारं थर्माकोल आतल्या भरावासाठी वापरता येतं. वर सांगितलेला सगळा सांगाडा मात्र त्याच्याशिवाय, नुसत्या पुठ्ठ्यावरही उभा राहतो. कापताना पडलेले दाणे वाऱ्यावर सोडू नयेत, पिशवीत गोळा करून सुक्या कचऱ्यात द्यावेत.

एवढं करून तयार झालेला रणगाडा प्रदर्शनानंतर माळ्यावर जातो किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत धूळ खात बसतो. पण तो बनवणाऱ्या मुलाला विजयंताला किती चाकं असतात, त्याची नळी मधेच फुगीर का असते आणि एक दशांश प्रमाण म्हणजे काय, हे पुन्हा पाठ करावं लागत नाही. पुढच्या वेळी चौकातल्या रणगाड्यापाशी थांबलं की सोबतच्या मोठ्यांना ते सांगायचं काम त्याच्याकडेच येतं.